रेडिओमामाचा मुका टीव्ही

त्याला सगळे रेडिओमामा म्हणायचे, आणि हे नाव त्याला दुकानातल्या रेडिओवरून पडलेलं नव्हतं. रेडिओ होता, नाही असं नाही. त्याच्या चिंचोळ्या सलूनमध्ये मागच्या भिंतीवर, घड्याळ आणि टॉवेलांचं कपाट यांच्या मधल्या फळीवर, एक भला थोरला रेडिओ कित्येक वर्षं ठाण मांडून होता. एक दिवस तो बंद पडला. पण दुकानातला आवाज काही थांबला नाही, आणि रेडिओ बंद आहे हे गिऱ्हाइकांच्या लक्षात यायला तब्बल तीन आठवडे लागले. तेव्हापासून हा रेडिओमामा.

तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की गिऱ्हाईक गप्पच. बिचाऱ्याच्या तोंडाला फेस आणि गळ्याशी वस्तरा, बोलणार काय? मामा मात्र कोणाच्या घरी गळती लागली, कोणाच्या भावाने नोकरी सोडली, डोक्यावर दोन भोवरे असलेला माणूस हट्टी का असतो, हे सगळं एका दमात सांगून मोकळा व्हायचा. दुकानात खुर्च्या दोन होत्या, पण दुसऱ्या खुर्चीवरचा भागीदार लग्न करून सासऱ्याच्या गावी गेला तो गेलाच. त्या खुर्चीवर आता फक्त पेपर बसायचा.

दुकानाची रचना नीट समजून घ्या, पुढे लागणार आहे. समोरच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा. मागच्या भिंतीला लाकडी बाक, त्यावर वाट बघणारी मंडळी, आणि त्यांच्या डोक्यावर ती फळी. मामा उभा राहायचा तो बाकाकडे पाठ करून. तरी बाकावर कोण पेंगतोय, कोण पेपरातलं पान चोरून घडी करतोय, हे त्याला आरशात अगदी स्पष्ट दिसायचं, आणि बोलायचा तोही आरशातल्या माणसांशीच. कारण ज्यांच्या हाताखाली तो शिकला त्या वस्तादांचा एकच नियम होता: वस्तरा हातात असताना मान वळवायची नाही. दुकानाला आग लागली तरी आधी वस्तरा खाली, मग मान. मामाने हा नियम तीस वर्षं पाळला. अर्धं जग त्याने आरशातच बघितलं म्हणा ना. आणि आरशाने त्याला कधी फसवलं नव्हतं. गिऱ्हाइकाचा डावा कल्ला डावीकडे, उजवा कल्ला उजवीकडे, जिथल्या तिथे.

आता त्याची मुलगी. सोळा वर्षांची, शेलाटी, आणि डावखुरी. लहानपणी चमचा डाव्या हातात धरला म्हणून आजीने तो काढून उजव्या हातात दिला, तर हिने चमचाच फेकून दिला. मामाने तेव्हाच सांगून टाकलं होतं की पोरीच्या हाताला कोणी हात लावायचा नाही. तिची आई गल्लीमागच्या क्लबच्या हॉलची झाडलोट करायची. आई झाडू मारेपर्यंत करायचं काय, म्हणून पोरगी कोणाची तरी टाकून दिलेली रॅकेट घेऊन भिंतीवर बॅडमिंटनचं फूल मारत बसायची. क्लबच्या सरांनी एकदा ते बघितलं आणि तिला कोर्टावर उभं केलं. तिथून जी सुरुवात झाली ती गल्ली, शहर, जिल्हा करत करत पार वरच्या स्पर्धांपर्यंत गेली.

आणि या सगळ्यात मामाने तिचा एकही सामना बघितला नव्हता. एकही नाही. सामने रविवारी, आणि रविवारी सलूनवाल्याने दुकान बंद ठेवायचं म्हणजे आठवडाभर घरी हात चोळत बसायचं. सकाळी सातला बाक भरायचा तो संध्याकाळपर्यंत रिकामा म्हणून व्हायचा नाही. पोरगी सामन्याहून घरी यायची तेव्हा मामा टॉवेल धूत असायचा. तो विचारायचा, काय झालं? ती म्हणायची, जिंकले, किंवा हरले. मामा म्हणायचा, छान खेळलीस. प्रत्येक वेळी हेच.

मोठ्या स्पर्धेला जायच्या आदल्या दिवशी मामा तिला खुर्चीत बसवून पुढचे केस सारखे करत होता. ती आरशात त्याच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, हरले तरी छान, जिंकले तरी छान. तुम्ही बघितलेलंच नसतं. मग त्या छानचं मी काय करू?"

रागाने नाही म्हणाली. केस डोळ्यात गेले की सांगावं तसं सांगितलं. पण मामाची कात्री थांबली, आणि त्याहून नवल म्हणजे तोंडही थांबलं. शेजारच्या दुकानातले घड्याळवाले काका आवाज अचानक बंद झाला म्हणून बघायला आले, की मामाला काही झालंय की काय.

मुलगी गेली, सोबत आई गेली, कारण प्रत्येक मुलीबरोबर घरातली एक बाई स्पर्धावाले फुकट नेणार होते. मामा एकटा राहिला. गुरुवारी दुपारी काकांच्या दुकानातला फोन वाजला. पलीकडून मामाची बायको बोलत होती आणि एवढी ओरडत होती की फोनची गरज होती का असा काकांना प्रश्न पडला. पोरगी फायनलला पोचली होती. रविवारी चार वाजता सामना. आणि अहो, तो टीव्हीवर दाखवणार आहेत, तिथल्या तिथे, चालू असताना.

मामाने फोन कानाला धरूनच जाहीर केलं की टीव्ही घेतला. बायको म्हणाली की खुर्चीच्या नव्या गादीसाठी पिठाच्या डब्यामागे पाकीट ठेवलंय, त्यात आहे तेवढ्यातच काय ते बसवा, वर एक पैसा जरी गेला तर आल्यावर माझ्याशी गाठ आहे. मामा हो म्हणाला. त्या क्षणी तिने दुकान विकायला सांगितलं असतं तरी तो हो म्हणाला असता.

दोन रात्री त्याला झोप म्हणून आली नाही. या पोरीचा खेळ बघायचा, आणि बघून तिला असं काहीतरी सांगायचं जे न बघता सांगता येत नाही. बस, एवढंच. बाकी टीव्ही, गादी, बायको, सगळं नंतर.

शनिवारी दुपारी गिऱ्हाईक विरळ झाल्यावर त्याने फळीचं माप घेतलं. माप कशाने घ्यायचं? खिशात जे असेल त्याने. बंद रेडिओ खाली उतरवल्यावर फळीवर घड्याळ आणि कपाट यांच्यामध्ये जागा निघाली अडीच कंगवे. मग तो घड्याळवाल्या काकांना ओढून टीव्हीच्या दुकानात घेऊन गेला. काका म्हणजे मामाच्या अगदी उलट. दिवसभरात मोजून वीस शब्द बोलणार, आणि तेही अचूक. मामाच्या दुकानात दर रविवारी दाढीला यायचे, पण आरशातल्या घड्याळाकडे चुकूनही बघायचे नाहीत. काटे मागे फिरताना बघणं त्यांना सहन व्हायचं नाही. वेळ बघायची तर उठून, मागे वळून, खरं घड्याळ बघायचे.

टीव्हीच्या दुकानात गळ्यात टाय बांधलेला एक विक्रेता होता. त्याने दोघांना थेट सर्वांत मोठ्या टीव्हीसमोर नेऊन उभं केलं. मामाने खिशातून कंगवा काढला आणि टीव्हीच्या पुढच्या बाजूला लावला. एक, दोन, तीन. तीन कंगवे आणि वर चार बोटं. नापास. विक्रेत्याने आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं बघितली होती, पण टीव्हीचा भांग पाडणारं हे पहिलंच.

मग चौदा इंची. दोन कंगवे, फळीवर बसेल. पहिला होता कुठल्यातरी न ऐकलेल्या कंपनीचा, पाकिटात बसणारा, पण त्यातली सगळी माणसं हिरवी. बातम्या देणारी बाई हिरवी, तिच्या मागचा नकाशा हिरवा, जाहिरातीतलं गुबगुबीत बाळसुद्धा हिरवं. मामा म्हणाला की माझी पोरगी हिरवी दिसलेली मला चालणार नाही. दुसऱ्याचं चित्र असं काही लखलखीत होतं की बघत राहावं, पण किंमत ऐकल्यावर मामाने हळूच पाकीट खिशात आणखी खोल ढकललं.

तरी चित्र तपासून तर घ्यावं म्हणून त्याने एक गोष्ट केली. टीव्हीकडे पाठ केली, पिशवीतून मानेमागचे केस दाखवायचा हातातला आरसा काढला, डोळ्यांसमोर धरला आणि मागचा टीव्ही त्यात बघायला लागला. कधी दोन पावलं पुढे जाई, कधी एक पाऊल मागे.

विक्रेता नम्रपणे म्हणाला, "काका, टीव्ही तुमच्या मागे आहे."

मामा म्हणाला की तो मागेच राहणार आहे. मग त्याने त्या पोराला सगळं समजावलं: वस्ताद, वस्तरा, मान, बाक, फळी, सगळं. विक्रेत्याने एवढंच सुचवलं की आरशात अक्षरं उलटी दिसतील. मामाने बघितलं. खरंच उलटी दिसत होती. त्यावर तो म्हणाला की दाढीला आलेल्या माणसाला वाचायचं असेल तर दुसऱ्या खुर्चीवर पेपर आहे. हा मुद्दा तिथेच संपला, आणि मामा पुढच्या मुद्द्याकडे वळला. तो जरा तिथेच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

निघता निघता त्याला कोपऱ्यात फडक्याखाली झाकलेला आणखी एक टीव्ही दिसला. फडकं त्यानेच उचललं. अगदी त्या लखलखीत टीव्हीचा जुळा भाऊ. विक्रेता कानकोंडा झाला. म्हणाला, हा दाखवायला ठेवलेला होता, चित्र झकास आहे, पण आवाज गेलाय. कायमचा. निम्म्या किमतीत देऊन टाकणार होतो, पण मुका टीव्ही घेतो कोण?

मामाचा चेहरा असा खुलला की काकांना धडकी भरली. काकांनी आपल्या विसातले पाच शब्द खर्च केले: "आवाजाशिवाय सामना कसा कळणार, मामा?"

"आवाजाचं माझ्याकडे लागलं," मामा म्हणाला.

पाकिटात टीव्ही बसला, वर छपरावरचा अँटेना बसला, आणि चहापुरते उरलेसुद्धा. टीव्हीला धक्का लागू नये म्हणून मामाने त्याला गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायची पांढरी चादर गुंडाळली, मागे गाठ मारली आणि सायकलच्या कॅरिअरवर बांधला. रस्त्याने लोक वळून वळून बघत होते. एकाने तर विचारलं की मामा, याची दाढी की कटिंग?

रविवार उजाडला. रात्रीतून बातमी पसरली होती, त्यामुळे बाकावर तर जागा नव्हतीच, पण लोक दारात उभे, पायरीवर बसलेले, आणि ज्यांची दाढी कालच झाली होती तेही हजर. बाकावरची मंडळी थेट टीव्हीखालीच बसलेली, म्हणजे मान मोडून वर बघायचं किंवा समोर आरशात बघायचं. साहजिकच सगळे आरशात बघत होते. पावणेचारला घड्याळवाले काका खुर्चीत बसले. त्यांची दाढी जाड, घाई केलेली त्यांना चालत नाही, त्यामुळे सामना संपेपर्यंत पुरतील असा मामाचा हिशेब होता.

चारला पडद्यावर एक मोठा हॉल आला. कॅमेरा एकच असावा, आणि तोही कुठेतरी वर छताजवळ बसवलेला. मधे जाळी, या बाजूला एक मुलगी पाठमोरी, त्या बाजूला एक तोंड करून. दोघींचे कपडे पांढरे, दोघींच्या केसांना पांढरी पट्टी, आणि दोघीही आगपेटीतल्या काडीएवढ्या. खाली नावं आली आणि गेली. ती उलटी होती, कोणाला वाचता आली नाहीत.

बाकावरून विचारणा झाली की मामा, यातली आपली कोणती?

मामाने डोळे बारीक केले. मग त्याला पाठमोऱ्या मुलीच्या हातात रॅकेट दिसली. डाव्या हातात.

"ती बघा," तो म्हणाला. "डावखुरी. ती माझी."

आणि रेडिओ सुरू झाला. काय वर्णावं महाराजा. हातात वस्तरा, नजर आरशात, आणि तोंडाने धावतं वर्णन. आपल्या पोरीने सर्व्हिस केली, फूल गेलं मागच्या रेषेवर, त्या उजवीने कसंबसं उचललं, आपलीने पुढे टाकलं, उजवी धावली, नाही पोचली, पॉइंट! बाक थरथरला. पायरीवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. दर पॉइंटला मामा काकांच्या गालावर फेसाचा एक नवा थर चढवत होता. बघता बघता पहिला गेम आपल्या पोरीने खिशात घातला, आणि मामाने वस्तरा खाली ठेवून डोळे पुसले. पुसून पुन्हा वस्तरा उचलला.

दुसऱ्या गेमला पोरींनी बाजू बदलली. आता ती उजवी अलीकडे आली, पाठमोरी, आणि काय झालं कोणास ठाऊक, तिच्या अंगात आल्यासारखं झालं. इकडे मार, तिकडे मार, आपल्या पोरीला नुसतं पळवून पळवून घामाघूम केलं. मामाच्या तोंडून त्या उजवीसाठी काय काय निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. टवळी म्हणाला, भवानी म्हणाला, पुढे तर हिला हिच्या आईने खायला काय घातलंय असंही म्हणाला. बाकाने एकमुखाने त्याला साथ दिली.

मग एका वेळी त्या उजवीने उडी मारली, हात वर नेला, जोरात मारणार असं वाटलं, आणि शेवटच्या क्षणी मनगट असं काही सैल सोडलं की फूल जाळीवरून घरंगळत पलीकडे पडलं. आपली पोरगी मागच्या रेषेजवळ उभीच.

"वा," मामा म्हणाला.

पायरीवरून कोणीतरी चिडून म्हणालं की मामा, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे? मामा ओशाळला. म्हणाला, पोरगी दुष्ट आहे, पण हात बघा तिचा. मीही हाताचंच खातो. एवढा वेग असताना असं मनगट सैल सोडणं म्हणजे गळ्यावर वस्तरा फिरवताना शिंक आवरण्यासारखं आहे, सोपं नाही. खोटं कशाला बोलू?

दुसरा गेम उजवीने घेतला. एक-एक. काकांच्या गालावरचा फेस दोनदा वाळला होता, आणि दाढी अजून एकाच बाजूची झाली होती. तिसऱ्या गेममध्ये तर कोण जिंकणार तेच कळेना. बरोबरी, पुढे, मागे, पुन्हा बरोबरी. मधेच ती उजवी फुलामागे धावताना गुडघ्यावर आपटली. रॅकेट लांब जाऊन पडली. बाकावर एक-दोघांना आनंद झाला, हे कबूल करायला हवं. पंच उठून उभे राहिले. उजवी उठली, गुडघ्याकडे बघितलंसुद्धा नाही, तळहात कपड्याला पुसला, रॅकेट उचलली आणि जागेवर जाऊन वाट बघत उभी राहिली. पंचांनाच लाजल्यासारखं होऊन खाली बसावं लागलं.

मामाचं वर्णन थांबलं. वस्तरा हवेत होता. मग तो हळू आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाला, "हिच्या बापाला कोणीतरी सांगायला पाहिजे. पोरगी काय आहे ते."

पुढचे चारही पॉइंट तिने घेतले. शेवटचं फूल आपल्या पोरीच्या पायाशी पडलं आणि सामना संपला.

दुकानात कोणी कोणाकडे बघेना. एकाने उगाच कंगवा हातात घेऊन ठेवला. पायरीवरचे दोघे उठून निघून गेले. मामाने वस्तरा पुसला, मिटला आणि ट्रेमध्ये ठेवला. त्याला रडू येत होतं, आणि तरी मनात एकच गोष्ट घोळत होती की आता पोरीला काय सांगायचं. छान खेळलीस? पुन्हा तेच? ज्यासाठी एवढा आटापिटा केला, तेच शेवटी पदरात पडलं होतं.

घड्याळवाले काका खुर्चीतून उठले. एका गालावर फेस, एक गाल मोकळा, गळ्यात चादर. पोरगी किती वाजता हरली ते त्यांना बघायचं होतं, आणि आरशातलं घड्याळ बघायचं नाही हा तर त्यांचा नेम. ते मागे वळले, मान वर केली, घड्याळ बघितलं. सहा वाजायला दहा मिनिटं होती. मग त्यांची नजर घड्याळाच्या शेजारी गेली, आणि तिथेच राहिली. बराच वेळ.

"मामा," ते म्हणाले, "वस्तरा खाली आहे ना?"

"आहे."

"मग मान वळव."

मामा वळला. कॅमेरा आता छतावरून खाली आला होता. टीव्हीवर, चांगला दोन कंगवे रुंद, एका पोरीचा चेहरा होता. पट्टी कपाळावर घसरलेली, पुढचे केस भुवईच्या बरोब्बर एक बोट वर कापलेले. ते केस कोणी कापलेत हे मामाला विचारायची गरज नव्हती. तिच्या हातात चषक होता. डाव्या हातात. खाली तिचं नाव होतं, आणि अक्षरं अगदी सरळ होती.

पुढच्या दहा मिनिटांत त्या दुकानात काय झालं याचे निदान सहा वेगवेगळे वृत्तांत आहेत. एवढं नक्की की बाक आडवा झाला. फेसाची वाटी सांडली आणि त्यावरून दोघे घसरले. निघून गेलेल्या दोघांना हाका मारून परत आणलं, तर ते आल्याआल्या विचारायला लागले की आता काय झालं, आणि सांगणाऱ्याला हसू आवरेना. मामा दुसऱ्या खुर्चीत, पेपरावरच, मटकन बसला होता. हसत होता, रडत होता, आणि मधेच डोक्याला हात लावून म्हणत होता की मी तिला टवळी म्हणालो हो. भवानीसुद्धा म्हणालो. बाकावरच्यांनी त्याला सोडलं नाही. एक म्हणाला, पोरीच्या गुडघ्याला लागलं तेव्हा मामाला केवढा आनंद झाला होता. मामा उसळून म्हणाला की मला नाही, तुला झाला होता, मी आरशात बघितलंय. मग त्याने जाहीर केलं की आज सगळ्यांची दाढी फुकट. काकांनी आठवण करून दिली की आधी माझी उरलेली अर्धी.

मंगळवारी दुपारी पोरगी आणि तिची आई परत आल्या. आई आधी टीव्हीकडे वळली. तिने बटण फिरवलं, मग आणखी फिरवलं, मग टीव्हीच्या कानाला कान लावला आणि मामाकडे असं काही बघितलं की मामा टॉवेल मोजायला लागला. पण पाकिटाच्या बाहेर एक पैसा गेला नव्हता, त्यामुळे तिचं तोंड बंद होतं. ती चहा आणायला गेली.

पोरगी येऊन खुर्चीत बसली, नेहमीसारखी, पाय वर घेऊन. गुडघ्यावर खपली धरली होती. मामा तिच्या मागे उभा राहिला. दोघं आरशात एकमेकांकडे बघत होते.

"बघितलंत ना यावेळी?" ती म्हणाली. "मग सांगा. आणि बाप म्हणून सांगू नका."

मामाने खुर्चीचा दांडा धरला आणि खुर्ची गर्रकन फिरवली. पोरीची पाठ आरशाकडे झाली, तोंड मामाकडे. त्या दुकानात आजवर कोणाची खुर्ची अशी फिरली नव्हती. मामा बाकावर तिच्यासमोर बसला. हातात वस्तरा नव्हता.

"बाप म्हणून मी काही बघितलंच नाही," तो म्हणाला. "मी त्या दुसऱ्या पोरीचा बाप होतो. पावणेदोन तास. तू हरावीस म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो."

मग त्याने सगळं सांगितलं. आरसा, डावा हात, टवळी, भवानी, काही म्हणजे काही लपवलं नाही. ती आधी हसली, मग पोट धरून हसली, मग खुर्चीतून घसरून खाली बसली आणि तिथेही हसत राहिली. मामा थांबला नाही. दुसऱ्या गेममध्ये उडी मारून तिने मनगट कसं सैल सोडलं ते त्याने कंगव्याने करून दाखवलं. तिसऱ्यात ती पडली, तिने गुडघ्याकडे बघितलं नाही, तळहात पुसला, आणि पंचांना बसावं लागलं, तेही सांगितलं. तेव्हा मात्र तिचं हसू हळूहळू थांबलं, कारण हे सगळं अगदी तसंच झालं होतं.

"मला तुझी भीती वाटत होती," मामा म्हणाला. "तुला आवरणार कोण, हे कळत नव्हतं. आणि तू पडून उठलीस ना, तेव्हा मी सगळ्यांदेखत बोललो. काकांना विचार. म्हटलं, हिच्या बापाला कोणीतरी सांगायला पाहिजे, पोरगी काय आहे ते."

पोरगी खाली फरशीवरच बसली होती. तिने डाव्या हाताच्या पाठीने नाक पुसलं.

"मग?" ती म्हणाली. "सांगितलं का कोणी?"

"काकांनी," मामा म्हणाला. "म्हणाले, मान वळव."